नाशिकमधून इंग्लंडच्या सॉलिसिटर परीक्षेची तयारी : अभ्यासक्रम पारखताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि त्यांचे दस्तऐवज व दावे सांभाळणारा वकील, होण्यासाठी २०२१पासून सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई, ही परीक्षा घेतली जाते. तिची तयारी करून देणाऱ्या अभ्यासक्रमांचे हे परीक्षण आहे. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करते आणि वकिली चालू ठेवूनच या परीक्षेचा पहिला भाग उत्तीर्ण झाले. त्याआधी वेगवेगळ्या धाटणीचे तीन अभ्यासक्रम मी चाचणी-मुदतीत वापरून पाहिले, त्यांतला एक विकत घेतला आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत वापरला. माझे मत सुरुवातीलाच सांगते. भारतीय वकिलाने अभ्यासक्रम निवडताना सर्वांत आधी एवढेच पाहावे की, आपल्या अंगवळणी पडलेला भारतीय कायदा जिथे जिथे उत्तराच्या आड येतो, तिथे तो अभ्यासक्रम आपल्याला थांबवतो का. फी, नोट्सची जाडी, व्याख्यानांचे तास आणि शिकवणाऱ्यांची नावे यांचा विचार त्यानंतर करावा.

नाशिकमध्ये सॉलिसिटरची परीक्षा म्हटले की अनेक सीनियर वकिलांना मुंबईची परीक्षा आठवते. ती बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते आणि तिच्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. तिचा मार्ग निराळा आहे आणि येथे तिचा विचार केलेला नाही. एसक्यूई ही सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे एसआरए, या तिथल्या नियामक संस्थेची परीक्षा असून संस्थेच्या वतीने ती कॅप्लन ही कंपनी घेते. पहिल्या भागात दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरात १८० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि त्यांतून सर्वांत योग्य असा एकच निवडायचा, अशी रचना आहे. ९० प्रश्नांच्या एका सत्राला १५३ मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नामागे सरासरी १०२ सेकंद. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि पुस्तक किंवा टिपणे जवळ ठेवता येत नाहीत. पहिल्या पेपरात करार, अपकृत्य, कंपन्या आणि व्यवसाय, दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती, घटनात्मक व प्रशासकीय कायदा हे विषय येतात; दुसऱ्यात जमीन, मालमत्तेचे व्यवहार, मृत्युपत्रे व वारसा, ट्रस्ट, सॉलिसिटरचे हिशेब आणि फौजदारी कायदा. व्यावसायिक नीतिमत्तेवरचे प्रश्न दोन्ही पेपरांत विखुरलेले असतात.

या परीक्षेसाठी कोणताही तयारी-अभ्यासक्रम करणे बंधनकारक नाही आणि एसआरए कोणत्याही अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. त्यामुळे फोनवर कोणी ‘एसआरए-मान्य कोर्स’ असे सांगून फी मागत असेल, तर तेवढ्या एका वाक्यावरून त्या संस्थेविषयी निर्णय घेण्यास हरकत नाही. परीक्षेच्या अभ्यासविषयांचा तपशील आणि नमुना प्रश्न एसआरएच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ते नमुना प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. आपली इंग्रजी वाचनाची गती १०२ सेकंदांत बसते का आणि कोणते विषय आपल्याला मुळीच माहीत नाहीत, हे त्यातून लगेच कळते. आणि ही माहिती हाती असल्याशिवाय कोणताही अभ्यासक्रम पारखता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपला कायदा इंग्लिश कायद्याच्या मुशीतून घडला आहे, म्हणून भारतीय वकिलाला ही परीक्षा तुलनेने सोपी जाईल, असे अनेक जण मानतात. संकल्पना ओळखीच्या असतात हे खरे आहे, आणि तोच धोका आहे. पाच पर्यायांपैकी एखादा पर्याय भारतीय कायद्यानुसार अगदी बरोबर असतो आणि आपला हात सरळ त्याच्याकडे जातो. मृत्युपत्रांचेच उदाहरण घेऊ. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, परंतु दोघांनी एकाच वेळी हजर असणे आवश्यक नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने आपली सही प्रत्येकासमोर केली किंवा कबूल केली आणि प्रत्येकाने त्याच्यासमोर सही केली, तर एक साक्षीदार सकाळी आणि दुसरा दुपारी आला तरी चालते. इंग्लंडच्या १८३७च्या विल्स अ‍ॅक्टचे कलम ९ मात्र मृत्युपत्रकर्ता सही करताना किंवा ती कबूल करताना दोन्ही साक्षीदार एकत्र हजर असल्याचा आग्रह धरते. पुढे, तिथे विवाह केल्यावर आधीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द होते. हिंदूंच्या मृत्युपत्रांना आपल्याकडे तो नियम लागू नाही. तिथे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर मृत्युपत्र टिकते पण ती देणगी बुडते. हिंदूंच्या बाबतीत आपल्याकडे तसे होत नाही. ज्याने नाशिकच्या न्यायालयात मृत्युपत्रांचे दावे चालवले आहेत, त्याच्या डोक्यात हे तिन्ही नियम उलट्या बाजूने पक्के बसलेले असतात, आणि परीक्षेत ते एकाच कुटुंबाच्या हकिकतीत गुंफून विचारले जाऊ शकतात.

मृत्युपत्र नसताना वारसा कोणाला जातो, हा प्रश्नही असाच आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मयत हिंदू पुरुषाची विधवा, मुले आणि आई हे सारे वर्ग एकचे वारस असतात आणि हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. इंग्लंडमध्ये जोडीदार आणि मुले हयात असतील तर आईला काहीही मिळत नाही. जोडीदाराला आधी एक ठरावीक रक्कम आणि वैयक्तिक वस्तू मिळतात, आणि उरलेल्या मालमत्तेचा अर्धा भाग जोडीदाराला व अर्धा मुलांना जातो.

करारातही हेच घडते. आपल्या १८७२च्या करार अधिनियमात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, आधीच दिलेले असले तरी चालते, आणि ते वचन घेणाऱ्याऐवजी अन्य कोणी दिले तरी चालते. इंग्लंडमध्ये आधी होऊन गेलेली गोष्ट सामान्यतः प्रतिफल ठरत नाही आणि प्रतिफल वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागते. करारभंगाच्या दाव्याची मुदत आपल्याकडे तीन वर्षांची आहे, तिथे साध्या कराराला सहा वर्षांची. चोरीच्या व्याख्येत आपल्याकडे वस्तू तात्पुरती नेली तरी गुन्हा घडू शकतो, आणि भारतीय न्याय संहितेनेही ती व्याख्या तशीच ठेवली आहे. इंग्लंडच्या १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टला मात्र मालकाला त्या वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू लागतो. शेजाऱ्याची मोटारसायकल न विचारता फिरवून परत आणून लावली, तर ती तिथे चोरी ठरत नाही, त्याच कायद्याच्या कलम १२ खालचा वेगळा गुन्हा ठरतो.

सर्वांत अवघड वळण मालमत्तेच्या कायद्यात येते. साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी खरेदीखत व्हावे लागते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ चे सूत्र आपण अशिलांना रोज ऐकवतो. इंग्लंडमध्ये विक्रीचा बंधनकारक करार होताच खरेदीदाराला त्या जमिनीत इक्विटीचा, म्हणजे मूळ कायद्याला जोडून न्यायबुद्धीवर उभ्या राहिलेल्या तिथल्या नियमांनुसारचा, हक्क प्राप्त होतो आणि तो लँड रजिस्ट्रीत नोंदवून सुरक्षित करता येतो. ट्रस्टमध्ये कायद्याने मालकी विश्वस्ताकडे आणि इक्विटीने मालकी लाभार्थ्याकडे, अशी दुहेरी मालकी तिथे सहज मानली जाते. आपल्या १८८२च्या ट्रस्ट अधिनियमाने लाभार्थ्याला तशी मालकी न देता विश्वस्ताविरुद्धचा हक्क दिला आहे. ही दुहेरी मालकी एकदा नीट समजली की जमीन, ट्रस्ट आणि मालमत्तेचे व्यवहार हे तीनही विषय उलगडू लागतात. ती समजली नाही, तर कितीही पाठांतर केले तरी दुसरा पेपर जड जातो. म्हणून ज्या अभ्यासक्रमाने या एका संकल्पनेवर वेळ खर्च केला आहे, त्याला मी झुकते माप देते.

मी पाहिलेला पहिला अभ्यासक्रम लंडनच्या एका मोठ्या संस्थेचा होता आणि तिघांत सर्वांत महाग होता. त्यातील शिक्षक उत्तम होते, व्याख्यानांची मांडणी शिस्तशीर होती आणि दर आठवड्याचे वेळापत्रक आखून दिलेले होते. परंतु तो इंग्लंडमध्ये कायद्याची पदवी नुकतीच घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी रचलेला होता. इक्विटी, लीजहोल्ड (भाडेपट्ट्याची मालकी) किंवा प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर) यांची तोंडओळख विद्यार्थ्याला आहे असे गृहीत धरून शिक्षक थेट कार्यपद्धतीकडे वळत असत, त्यामुळे आपल्याला जिथे पायापासून सुरुवात हवी असते तिथे तो दुसऱ्या मजल्यावर सुरू होत असे. शिवाय थेट वर्ग लंडनच्या संध्याकाळी सहाला भरत. हिवाळ्यात ती वेळ आपल्याकडे रात्री साडेअकराची असते आणि उन्हाळ्यात साडेदहाची. सकाळी अकराला न्यायालयात उभे राहायचे असलेल्या माणसाने हे महिनोन्‌महिने करणे कठीण आहे, आणि वर्गांची नोंदवलेली चित्रफीतच पाहायची असेल तर थेट वर्गांसाठी आकारलेली जादा फी व्यर्थ जाते. ज्याने वकिली काही काळ बाजूला ठेवली आहे आणि ज्याला कोणीतरी रोज हाताला धरून अभ्यास करून घेणे आवश्यक वाटते, त्याच्यासाठी तो अभ्यासक्रम योग्य आहे.

तिसरा पर्याय केवळ प्रश्नसंचाचा होता. दरमहा वर्गणी भरायची आणि हवे तेवढे प्रश्न सोडवायचे. तो स्वस्त होता आणि प्रश्नही पुष्कळ होते, पण स्पष्टीकरणे दोन-तीन ओळींची होती. बरोबर पर्याय का बरोबर आहे एवढेच सांगितलेले असे. उरलेले चार का चुकले याचा उल्लेख नसे. ज्याचा मूळ अभ्यास पूर्ण झाला आहे त्याला शेवटच्या दोन महिन्यांत असा संच उपयोगी पडतो, एवढे त्याच्या बाजूने सांगता येईल.

मी घेतलेला अभ्यासक्रम या दोहोंच्या मधला होता. त्यात थेट वर्ग नव्हते; नोट्स, छोट्या चित्रफिती, प्रश्नसंच, सराव परीक्षा आणि शंका विचारण्यासाठी ईमेलची सोय होती. परीक्षेची तारीख आणि आठवड्याला किती तास देता येतील ते भरले की तो आपले वेळापत्रक आखून देत असे, आणि आठवडा चुकला तर ते नव्याने मांडत असे. न्यायालयाच्या कामात पुढची तारीख, उलटतपासणी, अचानक निघालेला तातडीचा अर्ज यांमुळे अभ्यासाचे गणित रोज बदलते, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटली. परंतु तो निवडण्याचे खरे कारण म्हणजे प्रश्नांची स्पष्टीकरणे. प्रत्येक प्रश्नाखाली पाचही पर्यायांचा स्वतंत्र विचार केलेला होता आणि चुकीचा पर्याय कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरला असता हेही लिहिलेले असे. ‘दोन्ही साक्षीदार स्वतंत्रपणे आले तरी चालते’ हा पर्याय निवडणाऱ्याला तिथे केवळ ‘चूक’ असा शेरा मिळत नाही. इंग्लंडमध्ये एकत्र हजेरी का मागितली जाते हे तो वाचतो आणि पुढच्या वेळी त्याच जागी थबकतो. भारतीय वकिलाच्या अडचणीवर हाच खरा उपाय आहे.

त्या अभ्यासक्रमातला हिशेबांचा भाग विशेष उल्लेखनीय आहे. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवण्याचे बंधन आपल्याकडेही बार कौन्सिलच्या नियमांत आहे, परंतु त्यावर वकिलांची परीक्षा कोणी घेत नाही. एसक्यूईमध्ये अशिलांच्या पैशांचे खाते आणि कार्यालयाचे खाते यांतील दुहेरी नोंदी, कोणती रक्कम कोणत्या खात्यात जावी, चुकून दुसरीकडे गेलेली रक्कम कशी दुरुस्त करावी आणि किमान दर पाच आठवड्यांनी खाते बँकेच्या विवरणाशी कसे जुळवावे, हे सारे बारकाईने विचारले जाते. माझ्या अभ्यासक्रमाने प्रत्येक व्यवहार दोन खात्यांच्या तक्त्यात टप्प्याटप्प्याने मांडून दाखवला होता. वाणिज्य शाखा न शिकलेल्या माणसालाही तो समजेल इतका तो स्वच्छ होता. कराच्या बाबतीतही तसेच. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा इस्टेट ड्युटी हा कर १९८५मध्येच रद्द झाल्यामुळे इंग्लंडचा वारसा कर आपल्याला पूर्णपणे नवा असतो. ३,२५,००० पौंडांची करमुक्त मर्यादा, त्यापुढे ४० टक्क्यांचा दर, जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेची सूट आणि मृत्यूपूर्वी सात वर्षांत दिलेल्या देणग्यांचा हिशेब, हे सगळे त्यात सोडवलेल्या उदाहरणांसह होते.

त्रुटीही होत्या. जमिनीच्या कायद्यावरच्या नोट्स अतिशय त्रोटक होत्या, त्यामुळे त्या एका विषयासाठी मला वेगळे पाठ्यपुस्तक घ्यावे लागले. ईमेलवरच्या शंकांना एरवी दुसऱ्या दिवशी उत्तर येई, पण नाताळच्या सुमारास ते लांबत असे आणि जानेवारीतल्या परीक्षेसाठी तेच दिवस निर्णायक असतात. भारतीय कायद्याशी तुलना तर तीनपैकी एकाही अभ्यासक्रमात नव्हती. ती मी स्वतः केली. वहीच्या डाव्या पानावर आपला नियम आणि उजव्या पानावर इंग्लंडचा नियम, एवढीच पद्धत, आणि प्रत्येक विषयात जिथे दोन्ही पाने जुळत नव्हती तेवढ्याच नोंदी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी बाकी सारे बाजूला ठेवून ती वही वाचली. अशी तुलना छापून देणारा अभ्यासक्रम कोणी काढला, तर भारतीय वकिलांनी त्याची फी आनंदाने भरावी.

साहित्य अद्ययावत आहे की नाही, हे चाचणी-मुदतीतच तपासता येते आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. एसक्यूईमध्ये परीक्षेच्या पहिल्या दिवसाच्या चार महिने आधी जो कायदा लागू असतो तो विचारला जातो, म्हणून जुन्या नोट्स थेट गुण घालवतात. मी दोन ठिकाणी बोट ठेवून पाहत असे. दिवाणी दावे तिथे मुख्यतः रकमेनुसार वेगवेगळ्या मार्गांनी (ट्रॅक) चालतात; त्या प्रकरणात इंटरमीजिएट ट्रॅक आहे का, हे पहिले. १ ऑक्टोबर २०२३पासून साधारण २५,००० ते १,००,००० पौंडांच्या दाव्यांसाठी हा चौथा मार्ग सुरू झाला, आणि ज्या नोट्समध्ये अजून तीनच मार्ग आहेत त्या त्यापूर्वीच्या आहेत. दुसरे म्हणजे मृत्युपत्र नसताना जोडीदाराला मुलांच्या आधी मिळणारी ठरावीक रक्कम; ती २६ जुलै २०२३ रोजी २,७०,००० पौंडांवरून ३,२२,००० पौंड झाली. मी पाहिलेल्या एका संस्थेच्या नोट्समध्ये जुनी रक्कम होती, पण प्रश्नसंचात नवी होती. नोट्स आणि प्रश्न यांतच मेळ नसेल तर विद्यार्थ्याने विश्वास कशावर ठेवायचा, असा प्रश्न मी त्यांना लेखी विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर न आल्याने ती संस्था माझ्या यादीतून गेली.

सराव परीक्षांविषयी एक गोष्ट आवर्जून विचारावी. सराव परीक्षेतले प्रश्न स्वतंत्र आहेत की प्रश्नसंचातलेच पुन्हा घेतले आहेत? काही ठिकाणी संचातलेच प्रश्न फिरवून देतात. तसे असेल तर शेवटच्या महिन्यात मिळणारे गुण आपल्या तयारीचे नसून स्मरणाचे असतात. खरी परीक्षा दोन वेगवेगळ्या दिवशी होते आणि प्रत्येक दिवशी पाच तासांहून अधिक काळ पडद्यासमोर बसावे लागते, म्हणून १८० प्रश्नांच्या पूर्ण लांबीच्या किमान दोन-तीन सराव परीक्षा हव्यात. त्या घरी देऊ नयेत असे माझे मत आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले दिवसभर बसतात. तिथल्या शांततेत आणि तिथल्या खुर्चीवर दोन सत्रे सलग दिली की आपली खरी दमछाक कुठे होते ते समजते. माझ्या बाबतीत दुसऱ्या सत्राचा मधला तास कच्चा होता, आणि तो सुधारण्यासाठी मी शेवटी शेवटी अवघड विषयांचे प्रश्न दुपारीच सोडवत असे.

जाहिरातींतील उत्तीर्णांच्या टक्केवारीकडे मात्र सावधपणे पाहावे. पहिल्या भागाचा एकूण निकाल जानेवारी २०२४मध्ये ५६ टक्के होता आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ४४ टक्के. अशा परीक्षेत एखादी संस्था नव्वद टक्क्यांच्या आसपासचा निकाल सांगत असेल, तर तो नोंदणी केलेल्या सर्वांचा आहे, की अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा, की त्यांच्या प्रश्नावलीला स्वतःहून उत्तर देणाऱ्यांचा, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी अशा प्रश्नावलीला क्वचितच उत्तर देतो. संस्थानिहाय निकाल जाहीर करण्याचा एसआरएचा मानस होता, पण ते काम लांबणीवर पडले. त्यामुळे मी चौकशी केली तेव्हा संस्था स्वतः सांगत तो आकडा बाहेरून पडताळण्याचा मार्ग विद्यार्थ्याजवळ नव्हता. फोनवर मला तिघांपैकी एकाच ठिकाणी याचे सरळ उत्तर मिळाले, आणि त्या संस्थेने सांगितलेला आकडा इतरांपेक्षा कमी होता. माझा विश्वास त्याच उत्तराने वाढला.

पैशांचा विचार करताना परीक्षेचे शुल्क आधी डोळ्यांसमोर ठेवावे. परीक्षा सुरू झाली तेव्हा दोन्ही भागांचे मिळून शुल्क ३,९८० पौंड होते. २०२४-२५मध्ये ते ४,७९० पौंडांपर्यंत गेले. त्यात अभ्यासक्रमाची फी, परकीय चलनातील व्यवहारावर बँकेने लावलेला अधिभार आणि प्रवास-मुक्काम मिळवावा लागतो. पहिला भाग पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षाकेंद्रांवर संगणकावर होतो. मी मुंबईतले केंद्र घेतले होते आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले होते. कसारा घाटातली वाहतूक आणि गाड्यांचे वेळापत्रक यांच्या भरवशावर परीक्षेच्या पहाटे नाशिकहून निघणे कोणीही करू नये. अनुत्तीर्ण झाल्यास सहा वर्षांत एकूण तीनच प्रयत्न मिळतात, आणि एकच पेपर गेला असेल तर तेवढाच पुन्हा देता येतो. म्हणून फी भरण्याआधी दोन अटी लेखी मागून घ्याव्यात : परीक्षा पुढच्या सत्रात ढकलली तर साहित्य किती काळ खुले राहील आणि त्यासाठी वेगळे पैसे पडतील का, आणि एक पेपर राहिला तर पुन्हा तयारी करताना काय सवलत मिळेल. माझ्या अभ्यासक्रमात मुदतवाढ होती, पण ती सराव परीक्षांना लागू नव्हती, आणि हे अटींच्या मधल्या पानावर लिहिलेले होते.

नाशिकमध्ये न्यायाधीश परीक्षेच्या तयारीसाठी वर्ग लावण्याची सवय आहे. समोर सर असावेत, फळ्यावर लिहावे, शंका तिथल्या तिथे विचारावी, ही पद्धत अनेकांना मानवते आणि तीत काही गैर नाही. परंतु एसक्यूईसाठी तसा प्रत्यक्ष वर्ग आपल्या शहरात मला आढळला नाही, आणि परदेशी अभ्यासक्रम विकणारे मध्यस्थ जे ‘मार्गदर्शन’ देतात ते बहुधा नोंदणी आणि हप्ते यांपुरतेच असते. ज्यांना एकट्याने अभ्यास होत नाही त्यांनी याच परीक्षेची तयारी करणारे आणखी दोघे-तिघे शोधावेत. आम्ही तिघी जणी रविवारी दुपारी भेटत असू. प्रत्येकीने आठवड्यात चुकलेले प्रश्न आणायचे आणि इतर दोघींना त्याचे उत्तर समजावून सांगायचे, एवढा एकच नियम होता. तिघींचे अभ्यासक्रम वेगवेगळे असल्याने एकाच नियमाची तीन स्पष्टीकरणे ऐकायला मिळत, आणि जिथे ती जुळत नसत तिथे मूळ अधिनियम उघडून पाहावा लागे.

शेवटी दुसऱ्या भागाविषयी. त्यात एकूण १६ कसोट्या असतात. १२ लेखी आणि चार तोंडी. अशिलाची मुलाखत, न्यायालयासमोरचा युक्तिवाद, प्रकरणाचे विश्लेषण, कायदेविषयक संशोधन, पत्रलेखन आणि दस्तऐवज लिहिणे ही कौशल्ये त्यात तपासली जातात, आणि तोंडी कसोट्यांसाठी इंग्लंड किंवा वेल्समध्ये जावे लागते. अनेक संस्था दोन्ही भाग एकत्र घेतल्यास फीत चांगली सूट देतात आणि ती आकर्षक वाटते. परंतु परदेशात आधीच सनद घेतलेल्या वकिलाला दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची जी अट तिथल्या नव्या उमेदवारांना असते ती लागू होत नाही, आणि पुरेसा व्यावसायिक अनुभव असेल तर दुसऱ्या भागातूनही सूट मागता येते. ही सूट आपोआप मिळत नाही. एसआरएकडे अर्ज करावा लागतो, कोणत्या प्रकारची कामे स्वतः केली त्याचे पुरावे द्यावे लागतात आणि प्रत्येक अर्जावर स्वतंत्र निर्णय होतो. त्यामुळे काही वर्षे वकिली केलेल्यांनी आधी केवळ पहिल्या भागाचा अभ्यासक्रम घ्यावा, आपण चालवलेल्या दाव्यांची, लिहिलेल्या कैफियतींची आणि दस्तऐवजांची यादी सीनियरांच्या पत्रासह तयार ठेवावी, आणि सूट मागणाऱ्या अर्जाचा निकाल हाती येईपर्यंत दुसऱ्या भागासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. ज्यांची सनद नवी आहे त्यांना हा भाग द्यावाच लागेल. त्यांनी मात्र अभ्यासक्रम निवडताना मुलाखत आणि युक्तिवाद यांचा सराव प्रत्यक्ष शिक्षकासमोर किती वेळा मिळतो आणि त्यावर लेखी अभिप्राय मिळतो का, हे विचारावे. नुसत्या चित्रफिती पाहून युक्तिवाद करता येत नाही, आणि इंग्रजीत बोलण्याचा सराव ज्यांना नाशिकच्या न्यायालयात फारसा मिळत नाही, त्यांच्यासाठी फीचा सर्वांत मोठा भाग याच सरावावर खर्च होणे योग्य आहे.